न गळणारं पान

माइनक्राफ्ट या खेळातलं जग चौकोनी ठोकळ्यांचं असतं. मातीचे, दगडाचे, लाकडाचे, पानांचे ठोकळे. प्रत्येक ठोकळा एक मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच. ते फोडायचे, गोळा करायचे आणि हवे तिथे ठेवायचे. एवढ्याच क्रियेच्या बळावर मुलं या जगात गडकिल्ले आणि शहरं उभारतात. त्यांच्या आवडीचं एक बांधकाम म्हणजे महावृक्ष. खेळात आपोआप वाढणारं झाड त्याला पुरत नाही, कारण चार रोपं एकत्र लावून वाढवलेलं सर्वांत मोठं ‘जंगल’ जातीचं झाडही तीसेक ठोकळ्यांवर थांबतं. म्हणून मुलं खोड स्वतःच रचतात. पाच-सात ठोकळे रुंदीचा बुंधा, आत गोल फिरत जाणारा जिना, फांद्यांमध्ये खोल्या, खोलीत बिछाना आणि भिंतीला मशाल. मग त्या झाडात ती राहायला जातात. या खेळाचा एक नियम मात्र थांबून विचार करावा असा आहे. आपोआप वाढलेल्या झाडाचं खोड तोडलं, की आधार गेलेली पानं थोड्या वेळात एकेक करून विरतात आणि विरता विरता कधी एखादं रोप खाली टाकून जातात. खेळणाऱ्यानं हातानं ठेवलेलं पान मात्र आपणहून कधीच विरत नाही. खाली खोड असो वा नसो, ते अधांतरी हिरवंच राहतं, आणि तोडल्याशिवाय काही देत नाही. हौसेनं केलेली रचना डोळ्यांदेखत नाहीशी होऊ नये, ही त्यामागची सोय सहज समजण्यासारखी आहे. पण या सोयीत एक फार जुना भेद जपला गेला आहे. वाढलेलं झाड वेगळं आणि रचलेलं झाड वेगळं, हे खेळालाही मान्य आहे.

प्रश्न असा की, रचलेल्या झाडात राहणारा माणूस झाडात राहतो का? माझं उत्तर असं की तो घरात राहतो, झाडात राहत नाही. झाडात राहणं म्हणजे दुसऱ्या जिवाच्या आश्रयाला राहणं. ज्याला स्वतःचा जीव आहे, स्वतःची पानगळ आहे, ज्याचं आपल्यावाचून चालतं आणि म्हणून ज्याच्याकडे काही मागावं लागतं, तोच आश्रय देऊ शकतो. जे सगळं आपणच केलं त्याच्याकडे मागायला काही उरत नाही. हा भेद केवळ शब्दांचा वाटेल, पण त्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांचा आधार घेऊन तो तपासता येतो. माणसाचं झाडात राहणं ही तिथे कल्पना नाही, पिढ्यान् पिढ्यांचा व्यवहार आहे.

या भागातल्या समजुतीत झाड रिकामं नसतं. पिंपळावर मुंज्या असतो. वेशीवरच्या एखाद्या जुन्या झाडाखाली शेंदूर लावलेला वाघोबा असतो, आणि वाघबारशीला आदिवासी पाड्यांवर त्याची पूजा होते. देवराईत देवाचं ठाणं असतं, आणि तिथली वाळकी काटकी उचलतानाही देवाची आठवण ठेवावी लागते. शहापूर तालुक्यात डेहण्याजवळ सह्याद्रीच्या कड्याला टेकून एक डोंगर उभा आहे. तिथे वाल्मीकींचा आश्रम होता, वनवासातल्या सीतेला तिथेच आसरा मिळाला, लव-कुश ऋषींना आजोबा म्हणत आणि म्हणून त्या डोंगराचंही नाव आजोबा पडलं, असं लोक सांगतात. ही कथा इतिहास आहे की नाही हा इथे मुद्दाच नाही. पाहायचं ते हे की रानात राहायला आलेल्या माणसाचं रानाशी नातं काय, या प्रश्नाला त्या कथेनं कोणतं उत्तर दिलं. रान आजोबा झालं, आणि आलेली माणसं त्याच्या घरची नातवंडं झाली. वनवास या शब्दातला ‘वास’ तोच आहे जो निवासात, वस्तीत आणि वास्तूत आहे. वास्तू बांधण्याआधी भूमिपूजन करण्याची रीत आपल्याकडे शहरातही टिकली आहे. ही जागा आधीपासून कुणाची तरी आहे, ही कबुली त्या रीतीत आहे.

ही कबुली किती जुनी आहे ते पाली विनयपिटकातल्या एका गोष्टीवरून कळतं. आळवी गावचे भिक्खू बांधकामासाठी झाडं तोडत होते. एका झाडावर राहणारी देवता भिक्खूला म्हणाली की स्वतःचं घर करण्यासाठी माझं घर तोडू नका. त्यानं ऐकलं नाही. कुऱ्हाड चालवली, आणि घाव त्या देवतेच्या मुलाच्या हाताला लागला. देवतेच्या मनात आलं की या भिक्खूचा जीवच घ्यावा. पण तिनं राग आवरला आणि बुद्धांकडे जाऊन सगळं सांगितलं. बुद्धांनी तिच्या संयमाची वाखाणणी केली, तिला दुसरं रिकामं झाड दाखवलं, आणि भिक्खूंनी झाडझाडोरा तोडू नये असा नियम घालून दिला. याच परंपरेत झाडाच्या बुंध्याशी राहणं हा भिक्खूच्या जगण्याच्या चार आधारांपैकी एक मानला आहे. म्हणजे झाडाखाली राहायला ना नाही, उलट ते उत्तमच. पण झाडाला आपल्या घराचं सामान करायला मनाई आहे. मुरबाड तालुक्यात सोनावळ्याजवळच्या गणेश गडद लेण्यांत आणि नाणेघाटाच्या वाटेवर दगडात कोरलेल्या वस्त्या आजही दिसतात. हा व्यापारी वाटांचा आणि विहारांचा मुलूख होता, त्यामुळे ही गोष्ट इथल्या रानाला परकी नाही. राहणं आणि वापरून टाकणं यांतली रेघ या गोष्टीनं एका प्रश्नावर ओढली आहे. तिथे आधीपासून कुणी राहतं का? ठोकळ्यांच्या महावृक्षाबाबत या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. तिथे आपल्या आधी कुणीच नव्हतं.

देवता आणि मुंज्या बाजूला ठेवले, तर या युक्तिवादात काय उरतं असं कुणी विचारील. झाड स्वतः उरतं. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, एका मोठ्या झाडाकडे बोट दाखवून सांगतो की याच्या मुळावर घाव घाला, मध्यावर घाला किंवा शेंड्यावर घाला, ते जिवंत असल्यानं त्यातून रस पाझरेल. एका फांदीतून जीव निघून गेला की ती फांदी सुकते. सगळ्या झाडातून गेला की सगळं झाड सुकतं. पुढे तो त्याला वडाचं फळ आणायला सांगतो, त्यातलं बी फोडायला लावतो आणि आत काय दिसतं ते विचारतो. आत काहीच दिसत नाही. त्या न दिसणाऱ्यातूनच एवढा वड उभा आहे, असं बाप म्हणतो. या दोन दाखल्यांत झाडाची व्याख्याच आली आहे. झाड ते, जे घावाला उत्तर देतं. आणि झाड ते, ज्याचा उगम त्याच्या कुठल्याही भागात सापडत नाही. ठोकळ्यांचं खोड तळाशी तोडलं तर वरचं खोड हवेत तसंच उभं राहतं. त्याच्या एका भागाला दुसऱ्या भागाची खबर नसते. त्याचा उगमही पूर्ण दिसतो, कारण प्रत्येक ठोकळा कुणीतरी मोजून ठेवलेला असतो. ते झाडाचं चित्र आहे, आणि चित्र म्हणून सुंदर असू शकतं. पण त्याच्या आत कुणी नाही.

आता पानगळीकडे येऊ, कारण शहापूर-मुरबाडचं रान पानगळीचं आहे. साग, ऐन, पळस, मोह यांचं हे रान उन्हाळ्याच्या तोंडाशी बोडकं होतं. त्याच दिवसांत मोहाच्या उघड्या फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. पहाटेच्या सुमाराला ती फिकट, मांसल, गोड फुलं टपटप गळू लागतात. झाडाखालची जागा आधीच झाडून लख्ख केलेली असते. उजाडण्याच्या आत बायका आणि पोरं टोपल्या घेऊन येतात आणि वाकून एकेक फूल वेचतात. फुलं वाळवून साठवली जातात, पुढे फळांतल्या बियांचं तेल काढलं जातं. फूल तोडायला फांदीवर कुणी चढत नाही, कारण देण्याजोगं झालेलं फूल झाड स्वतःच खाली टाकतं. झाडानं टाकलेलं ते आपलं, एवढा साधा हिशेब त्या वेचण्यात आहे. ठाकर, कातकरी, वारली आणि महादेव कोळी यांच्या घरांतला कितीतरी ऐवज अशा गळण्यातून आलेला असतो.

शेतीचंही तसंच आहे. इथला भात राबावर उभा राहतो. जिथे बी पेरायचं त्या तुकड्यावर शेण पसरायचं, त्यावर झाडाच्या टहाळ्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, वरून बारीक माती, आणि उन्हाळा सरायच्या आत ते पेटवून द्यायचं. वर माती असल्यानं आग भडकत नाही, आतल्या आत धुमसते. जमीन भाजते, तणाचं बी मरतं, राख मातीत मिसळते. पहिल्या पावसाबरोबर तिथे पेरणी होते आणि दाट हिरवं आवण, म्हणजे भाताची रोपं, वर येतं. तेच आवण उपटून खाचरांत लावतात. म्हणजे ताटातल्या भातात ऐनाचं पान आहे. त्या पावसात डोक्यावर जे इरलं असे, तेही बांबूच्या कामट्या आणि पानं यांचंच. झाडात राहणं म्हणजे काय, हे मला इथे स्पष्ट दिसतं. फांदीवर खोली बांधून राहणारे फार थोडे. शेताच्या राखणीला माळ्यावर चार रात्री काढणं वेगळं. पण झाडाच्या मरणाऱ्या भागावर जगणारं अख्खं गाव झाडातच राहत असतं. जे पान गळत नाही, त्याचा राब होत नाही. हातानं ठेवलेलं ते अधांतरी हिरवं पान कुणाच्याच पोटात जात नाही, आणि म्हणून कुणाला आत घेऊही शकत नाही.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. राबासाठी लागणाऱ्या टहाळ्या झाडानं टाकलेल्या नसतात, त्या कोयत्यानं तोडलेल्या असतात. मग रानाला वस्तू मानणारा शहरी मुलगा आणि रानाला ओरबाडणारा शेतकरी यांत फरक तो काय? हा वाद नवा नाही. इंग्रजी अमलात वनखात्यानं राबाला जंगलाचा शत्रू ठरवलं, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष पसरला, आणि १८८५ साली सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालात राबाचा प्रश्न ठळकपणे चर्चेला आहे. शेतकऱ्यांची बाजू अशी होती की भातजमिनीला जोडलेली वरकस जमीन त्याचसाठी असते, आणि फांदी छाटलेलं झाड पुन्हा फुटतं. छाटणी अतोनात झाली की झाडं खुरटतात हेही खरं आहे. ते नाकारून या रानावर प्रेम करता येणार नाही. पण आक्षेपात एक गोष्ट निसटते. राब करणाऱ्याला पुढच्या वर्षीही त्याच झाडाकडे यायचं असतं. झाड मेलं तर त्याचं आवण जातं. त्याचा कोयता झाडाच्या सहनशक्तीनं बांधलेला आहे, आणि ती सहनशक्ती त्यानं ठरवलेली नाही. आश्रयाचा अर्थ अहिंसा असा मी घेत नाही. तसा अर्थ घेतला तर पृथ्वीवर कुणालाच राहता येणार नाही. आश्रयाचा अर्थ असा की आपल्या घेण्याची मर्यादा देणाऱ्याच्या जिवावरून ठरते. ती मर्यादा ओलांडली की झाड उत्तर देतं. कधी वाळून, कधी डोंगरउतारावरची माती सोडून देऊन.

दुसरा आक्षेप धर्माच्या आतून येतो. देवाची मूर्तीही माणूसच घडवतो. गणपती मातीचा, तोही दरवर्षी नवा. आपण केलेल्या वस्तूत आश्रय नसतो असं म्हटलं, तर देवळातही काही नाही असं म्हणावं लागेल. हा आक्षेप मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे मुद्दा अधिक नेमका होतो. मूर्ती घडते आणि मग तिची प्राणप्रतिष्ठा होते. त्या विधीत घडवणारा आपला हक्क सोडतो. कालपर्यंत जी माती त्यानं हवी तशी वळवली, तिला आज हात लावण्याआधी तो नमस्कार करतो. नैवेद्य दाखवल्याशिवाय घरातलं कुणी जेवत नाही. विसर्जनाचीही परवानगी मागितली जाते. म्हणजे माणसानं केलेली वस्तू आश्रय होऊ शकते, पण त्यासाठी कर्त्यानं मालकी खाली ठेवावी लागते. ठोकळ्यांच्या झाडात हे घडायला सिद्धान्ततः अडचण नाही. चार मित्रांनी एकाच जगात मिळून महावृक्ष रचला आणि दुसऱ्याची फांदी तोडण्याआधी विचारायचं असं ठरवलं, तर त्या झाडात मागणं आणि देणं सुरू झालं. पण नीट पाहिलं तर तिथे आश्रय देतात ते मित्र. झाड तेव्हाही मुकंच असतं.

तिसरा आक्षेप वेदान्ताचा, आणि तो सर्वांत खोल जाणारा. गीतेच्या पंधराव्या अध्यायात हा सगळा संसारच उलटा अश्वत्थ म्हटला आहे, मुळं वर आणि फांद्या खाली असलेला. आणि तो असंगाच्या, म्हणजे अनासक्तीच्या, शस्त्रानं तोडायचा आहे. मग रानातलं झाड काय आणि पडद्यावरचं झाड काय, दोन्ही भासच. एकाला खरं मानून दुसऱ्याला खोटं का म्हणायचं? पण संसाराला झाडाचीच उपमा का दिली, हे पाहायला हवं. शंकराचार्यांनी अश्वत्थ या शब्दाची फोड केली ती अशी की जो उद्यापर्यंतही टिकत नाही तो. ज्ञानेश्वरीतही तोच अर्थ येतो. क्षणोक्षणी होणारा आणि जाणारा तो अश्वत्थ, हे ज्ञानदेव तिथे विस्तारानं समजावतात. उपमेचा प्राण या न टिकण्यात आहे. पानगळ काढून घेतली तर उपमा उरत नाही. हातानं ठेवलेलं, कधीच न विरणारं पान म्हणजे अश्वत्थाच्या नेमकं उलट. अनित्याला नित्य करून ठेवण्याची इच्छा त्यात दिसते. आणि असंगाचं शस्त्र चालवायचं ते कशावर? ‘हे मी केलं, हे माझं’ या पकडीवर. ज्याचा प्रत्येक ठोकळा मी ठेवला आहे त्या झाडात ही पकड सर्वांत घट्ट असते. मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बाईला ती पकड जमवायची म्हटली तरी जमणार नाही, कारण उद्या किती फुलं पडतील हे तिच्या हातात नाही. म्हणून वेदान्ताचा आक्षेप माझ्या मुद्द्याला छेद देत नाही. वैराग्य शिकायला गळणारं झाड हवं, हेच त्यातून निघतं.

या सगळ्यावरून मुलांनी खेळ सोडावा असा निष्कर्ष काढणं मला चुकीचं वाटतं. झाडाच्या पोटात शिरून राहावं ही ओढ खरी आहे आणि फार जुनी आहे. सदनिकेत वाढणारं मूल चौकोनी ठोकळ्यांतूनही झाडच रचू पाहतं, यात त्या ओढीची ताकद दिसते. प्रश्न त्या ओढीला पुढे कुठे नेतो याचा आहे. मुंबईत किंवा ठाण्यात पडद्यावरच्या झाडात बसलेलं मूल खरोखरच एका झाडात राहत असतं, आणि ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. भातसा धरण शहापूर तालुक्यातच आहे, आणि आज मुंबईच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा तिथून येतो. या जलाशयांत उतरणारा पाऊस आधी रानाच्या पानांवर पडतो, पालापाचोळ्यात जिरतो, मुळांशी थांबतो आणि मग ओढ्यांना लागतो. नळाखाली धरलेल्या ओंजळीत तेच रान असतं. या अर्थानं महानगराची वस्ती शहापूरच्या झाडांतच आहे. कातकऱ्याच्या झोपडीइतकीच, फक्त अंतर जास्त.

फरक मागण्याचा आहे. धरणांच्या या तालुक्यात दर उन्हाळ्यात कित्येक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. शेजारच्या मुरबाडमध्ये काळू नदीवरच्या नियोजित धरणाला तिथल्या आदिवासी गावांनी वर्षानुवर्षं विरोध केला, कारण त्या पाण्याखाली त्यांची शेतं, घरं आणि रान जाणार आहे. आळवीच्या झाडावरची देवता भिक्खूला जे म्हणाली, त्याच अर्थाचं ही गावं शहराला म्हणत आहेत. शहराला पाणी लागतंच, आणि लाखो माणसांच्या तहानेला कमी लेखण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण विनयपिटकातल्या त्या भिक्खूची चूक घर हवं असण्यात नव्हती. समोरून आवाज आला तेव्हा त्याचा हात थांबला नाही, ही त्याची चूक होती. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गावांना त्यांचं सामूहिक रान राखण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क दिला. आज त्या आवाजाला ग्रामसभेचं नावही आहे. तो ऐकू आला नाही असं म्हणण्याची सोय शहराला आता उरलेली नाही. पडद्यावरचा महावृक्ष काही बोलत नाही, त्यामुळे तिथे मूल निश्चिंतपणे कितीही फांद्या तोडू शकतं. नळातून येणारं झाड बोलतं, आणि ते बोलणं ऐकायची सवय त्या मुलाला लावणं हे मोठ्यांचं काम आहे.